आग्नेय कोपऱ्यातली फरशी

नव्या घरात राहायला येऊन चार महिने झाले आणि आई तिच्या भावाकडे, डोळखांबला निघून गेली. सत्तरीतली बाई माहेरी गेली म्हणून गावात थट्टा झाली, पण आम्हाला हसू येत नव्हतं. तिच्या खोलीची भिंत सतत ओली, गादीला कुबट वास आणि तिला दम लागायचा. "भिंत सुकली का सांग, मंग येईन मी," एवढंच बोलून ती मामाच्या गाडीत बसली. घर बांधलं होतं ते तिच्यासाठी.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. सकाळी भरलेली टाकी, सगळे नळ बंद, तरी दुपारपर्यंत हातभर उतरायची. मी गच्चीवर जाऊन झाकण उघडायचो, खाली येऊन भिंतीला कान लावायचो. जेवता जेवता उठून तिला तळहात लावून यायचो. बायको वैतागली. "तुमी हात लावून सुकणार नाय ती."

सापगावच्या प्लंबरने सगळी लाइन टाकली होती. त्याने मोरी फोडली, बाथरूमचे जॉइंट बदलले, पुन्हा आला, पुन्हा फोडलं. मी त्याला दारातच वाट्टेल ते बोललो. दुकानात, पारावर, जिथे बसेन तिथे त्याच्या नावाने खडे फोडले. गावात दोन नवी घरं उभी राहत होती. दोन्ही मालकांनी माझं ऐकून आपल्या कामाला मुरबाडचा प्लंबर आणला.

आमच्याकडे चौथ्या खेपेला सापगावचा प्लंबर म्हणाला, "दादा, बाकी सगली लाइन बघितली. आता तो कोपराच राह्यलाय."

स्वयंपाकघराचा आग्नेय कोपरा, आईच्या खोलीला लागून. वास्तुशांतीला तिथे वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरलेली. ती फरशी उचलायची नसते, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. म्हणून घरभर फोडाफोड झाली आणि तिथे कोणी बघितलंसुद्धा नाही. भटजींना फोन केला. ते म्हणाले, "नमस्कार करा आणि उघडा."

फरशीखाली नुसता चिखल. प्लंबरने प्रतिमा दोन्ही हातांनी काढली, पुसून ताम्हनात ठेवली. मग पाइप दिसला, आणि पाइपवर पहारेची खोच.

वास्तुशांतीला प्रतिमेसाठी तो खड्डा मी खणला होता. टाकीत तेव्हा पाणी चढवलेलं नव्हतं. मुहूर्त टळत चालला होता, भटजी घाई करत होते. मी पहार जोरात हाणली, तेव्हा पहारेला काहीतरी लागलं होतं. दगड असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि वरून माती लोटली.

प्लंबरने ती खोच बघितली, माझ्याकडे बघितलं. वीतभर पाइप कापून नवा जोडला, प्रतिमा जागच्या जागी ठेवली. एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं. मला भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त त्याचा राग आला.

महिनाभराने आईला आणलं. आत येताच तिने भिंतीवरून हात फिरवला, नाक लावून वास घेतला.

"चांगली सुकलीय रे. त्या सापगाववाल्याला काढून दुसरा आणलास ना? आधीच आणायचास."

मी "हं" म्हणालो. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती त्याच भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसली आणि डोळे मिटले. मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.