सेंदाईला ‘येते’ म्हणाले, त्याला नऊ वर्षं झाली

सेंदाईच्या आमच्या जुन्या शेजारणीचं, कान्नो-सानचं, नववर्षाचं कार्ड दर जानेवारीत येतं. हाताने लिहिलेलं, मोठ्या अक्षरांत, आणि मला वाचता यावं म्हणून अगदी सोप्या जपानीत. शेवटची ओळ दरवर्षी तीच: “इरा-चानला घेऊन कधी येणार?” आणि माझं उत्तरही दरवर्षी तेच: “लवकरच येते.” तोक्योहून सेंदाई बुलेट ट्रेनने दीड तासावर आहे. पुण्याहून मुंबई गाठायला याच्या दुप्पट वेळ लागतो आणि तो प्रवास आपण कुरकुर करत का होईना, करतोच. पण हा नाही झाला तो नाहीच झाला. आधी माझी नोकरी, मग इराची शाळा, मग साथीची वर्षं, आणि त्यानंतर, खरं सांगायचं तर, निव्वळ आळस.

यंदा कार्ड आलं तेव्हा आमचं पुण्याला परत जायचं पक्कं झालं होतं. मार्चअखेर, कायमचं. माझा नवरा मंदार म्हणाला, “पत्रात लिहून टाक की.”

“वा रे वा. ज्या बाईने तुझ्या मुलीला बोट धरून चालवलं, तिला पत्रात कळवू?”

मंदारला ऑफिसचं हँडओव्हर होतं, म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी आणि अकरा वर्षांची इरा, दोघीच निघालो. समोर बसून सांगायचं, एवढंच काम होतं. त्या एवढ्याशा कामाची मला आठवडाभर धास्ती वाटत होती.

आम्ही राहतो तोक्योच्या कोतो भागात, तिथून तोक्यो स्टेशन सबवेने थोड्याच मिनिटांवर. जाणाऱ्यांसाठी सांगते: हायाबुसा या बुलेट ट्रेनमध्ये सगळ्या सीट रिझर्व्ह असतात, तेव्हा आयत्या वेळी चढू म्हणू नका. एका बाजूचं तिकीट साधारण अकरा हजार येन, मुलांना अर्धं. बस बरीच स्वस्त पडते, पण पाच-साडेपाच तास पाय आखडून बसावं लागतं. मी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. डबा उघडल्याबरोबर इरा जपानीत पुटपुटली, “आई, वास येतोय.” स्वतः तिने कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून, भाताचा त्रिकोणी गोळा घेतला होता. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, असाच आमचा संसार चालतो. पुण्याचा विषय काढला की मात्र ती कुठल्याच भाषेत बोलत नव्हती. या वयात मुलं घुमी होतात, असं मी स्वतःला समजावलं होतं.

फुकुशिमा मागे पडलं आणि शेतांवर बर्फ दिसू लागला. मला जुने दिवस आठवले. मंदार सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करत होता आणि मी कडेवर तान्ही इरा घेऊन घरात. पहिल्याच आठवड्यात आमची कचऱ्याची पिशवी कचरागाडीने उचलली नाही, वर चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवली. दुपारी शेजारच्या घरातल्या एक बाई ती पिशवी घेऊन दारात हजर. त्याच कान्नो-सान. नवरा वारलेला, मुलगा दूर ओसाकात. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरलं, पिशवी उपडी केली आणि प्लास्टिक, डबे, चहाचा चोथा एकेक करून वेगळा केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र शांतपणे कढीपत्त्याची काडी हुंगत होत्या. तेव्हापासून आमचं जाणं-येणं सुरू झालं. त्या मला ‘मामा’ म्हणायच्या, इराची ममा म्हणून. मी पुण्याला आईला सांगितलं, “इथे मला सगळे मामा म्हणतात.” ती म्हणाली, “बाई, चोळीबांगडी द्यावी लागेल आता.”

त्या काळात मी एक घोळ घातला, तो आपल्या भाषेनेच घालायला लावला. आपण कुणाकडून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ म्हणाले असते तर आजीने पाठीत धपाटा घातला असता. जपानीत एक शब्द सापडला, ‘इत्तेकिमास’. अर्थ तंतोतंत ‘जाऊन येते’. मी हरखून गेले आणि कान्नो-सानच्या घरून निघताना रोज म्हणू लागले, “इत्तेकिमास.” जवळजवळ वर्षभराने जपानीच्या क्लासमधल्या बाईंनी सांगितलं, की तो शब्द फक्त स्वतःच्या घरातून बाहेर पडताना म्हणतात. दुसऱ्याच्या घरून निघताना ‘ओजामाशिमाश्ता’ म्हणायचं, म्हणजे ‘तुम्हाला व्यत्यय आणला’. मी लाजेने पाणी पाणी झाले. पण कान्नो-साननी मला एकदाही टोकलं नव्हतं. उलट घरातलं माणूस बाहेर पडताना देतात तेच उत्तर त्या द्यायच्या, “इत्तेराश्शाई.” जाऊन ये. मंदारला तोक्योत नोकरी लागली आणि आम्ही सेंदाई सोडलं, त्या दिवशी चूक ठाऊक असूनही मी ‘इत्तेकिमास’च म्हणाले आणि त्यांनीही नेहमीचंच उत्तर दिलं.

सेंदाई स्टेशनवर उतरलात तर झुंदा नक्की खा. कोवळे हिरवे सोयाबीन वाटून साखर घालतात आणि मोचीवर, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यावर, थापतात. आपल्या पुरणाची हिरवी चुलत बहीण म्हणा. तिथून मेट्रोची तोझाई लाइन घेऊन शेवटचं स्टेशन यागियामा, कान्नो-सानचं घर तिथेच. मध्ये एकदा मेट्रो बोगद्यातून बाहेर येते आणि खाली हिरोसे नदी दिसते, तेव्हा फोनमधून डोकं वर काढा. यागियामाच्या चढावर फूटपाथच्या कडेला बर्फ साचला होता. फेब्रुवारीत जाणार असाल तर बूट धड घ्या, मी एकदा सपशेल आपटले.

कान्नो-साननी दार उघडलं. पाठ वाकली आहे, एक हात भिंतीवरच्या दांडीला. मी वाक्य पाठ करून गेले होते, उशिराबद्दल क्षमा वगैरे. त्या आधीच म्हणाल्या, “ओकाएरी.” घरी परत आलेल्या माणसाला म्हणतात ते. माझं वाक्य तिथेच वाहून गेलं आणि मी दारात उभी राहून रडले. इरा माझ्याकडे न बघता बुटांच्या नाड्या सोडत बसली.

आम्ही कोतात्सुत पाय घालून बसलो. खालून ऊब देणारं बुटकं टेबल असतं, वर जाड रजई. तिळाच्या वड्या नेल्या होत्या, त्या त्यांनी आधी नवऱ्याच्या फोटोसमोर ठेवल्या. मग सहज म्हणाल्या, “रात्रीसाठी तुमच्या गाद्या उन्हात टाकून ठेवल्यात.” आमचं परतीचं तिकीट संध्याकाळचं होतं. मी न्हाणीघरात जाऊन फोनवरून ते रविवारचं करून घेतलं. गाडी सुटण्याआधी सहज बदलता येतं, हे लक्षात ठेवा.

सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. एकदा बर्फावर बोलले, एकदा त्यांच्या गुडघ्यांवर, एकदा लोणच्यावर. शेवटी त्यांनीच विचारलं, “आता एप्रिलमध्ये चेरी फुलल्यावर येणार ना, मामा?”

“सो देसु ने,” मी म्हणाले. हो पण नाही आणि नाही पण नाही, असं ते उत्तर. इतकी वर्षं जपानात राहून एवढं नक्की शिकले.

तेवढ्यात इरा जपानीत म्हणाली, “आम्ही मार्चमध्ये इंडियाला जातोय. कायमचं.”

मी काय करावं? मी तिचं जपानी सुधारलं. ती ‘इकिमास’ म्हणाली होती, ‘जातोय’. मी म्हटलं, “काएरिमास म्हण, इरा. आपण परत जातोय.”

“ते तू आणि बाबा,” ती म्हणाली. “मी तिथे कधी राहिलेच नाही. मग परत कशी जाणार?”

मी तिच्या गुडघ्यांवरची रजई उगाच सारखी केली.

कान्नो-साननी चहा ओतला. मग माझ्याकडे न बघता तिला विचारलं, “भीती कशाची वाटते?” आणि जे पोर घरी महिनाभर गप्प होतं ते बोलायला लागलं. मैत्रिणीबद्दल, वाचनालयाबद्दल, एकटीने सायकलवर हिंडण्याबद्दल. सुट्टीत पुण्याला गेलो की चुलत भावंडं तिच्या मराठीची नक्कल करतात, हेही त्यात आलं. मी तिथेच असायचे, सगळ्यांबरोबर हसायचे. गंमत वाटायची मला. आता त्या रजईखाली मला स्वतःचीच लाज वाटत होती.

कान्नो-सान तिला म्हणाल्या, “तुझी आई आली तेव्हा तिला चार शब्द येत होते. त्यातला एक चुकीचा.” आणि त्यांनी माझ्या इत्तेकिमासची गोष्ट सांगितली. इरा पोट धरून हसली. मग तिने विचारलं, “तुम्ही तिला सांगितलं का नाही?”

“मला आवडायचं,” त्या म्हणाल्या. “घरात दुसरं कोण होतं म्हणणारं?”

रविवारी नाश्ता करून निघालो. दारात मी वाकून, अगदी शुद्ध, म्हणाले, “ओजामाशिमाश्ता.” आता मला जपानी येतं ना. त्यांनीही वाकून नमस्कार केला. इरा बूट घालून उठली आणि हळू आवाजात म्हणाली, “इत्तेकिमास.” तिच्या तोंडी तो शब्द चुकीचा नव्हता.

“इत्तेराश्शाई,” कान्नो-सान म्हणाल्या. “रस्ता ओलांडताना गाड्या बघ.”

घरी आल्यावर मंदारने विचारलं, “सांगितलंस?”

“इराने सांगितलं,” मी म्हणाले, आणि ती काय म्हणाली तेही. तो खोकी चिकटवत होता. हातातली टेप खाली ठेवून तो उठला आणि इराच्या खोलीत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला.

आता निम्मं घर खोक्यांत गेलंय. काल सासूबाईंचा फोन होता. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “काय गं, कधी परत येताय तिघं?”

“आम्ही दोघं परत येतोय, आई,” मी म्हणाले. “इरा पहिल्यांदाच राहायला येतेय.”