मुख्य अर्जदार

पूर्ण्यात मला बन्सीधर सर म्हणतात. एकतीस वर्षं मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर तरी सुटका होईल असं वाटलं होतं, पण गावात इंग्रजीत आलेला प्रत्येक कागद अजून माझ्याच ओसरीवर येतो. मी चिडतो, चष्मा लावतो आणि वाचून देतो. शंभुराजचा कागद मात्र मी स्वतः लिहिला आणि स्वतःच चुकवला, म्हणून ही गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आली. गोष्ट खरं तर त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे, आणि हे कळायलाच मला दीड वर्ष लागलं.

शेतातल्या पंपाची मोटार जळली की आतली काळी पडलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळावी आणि तिच्यावर वार्निश चढवावं लागतं. आमच्याकडे याला मोटार भरणं म्हणतात. स्टेशनजवळ शंभुराजचं मोटार भरायचं दुकान होतं. गडी रुंद खांद्याचा, गोड बोलणारा. विहिरीवरून मोटार खोलून आणायची, भरली की परत नेऊन बसवायची आणि उरलेला वेळ काउंटरवर बसून शेतकऱ्यांशी गप्पा हाणायच्या, हे त्याचं काम. मागच्या खोलीच्या दाराला पडदा. त्या पडद्याआडून महेश्वरी, त्याची बायको, चहा घेऊन यायची. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, बोटांना वार्निशचे तपकिरी डाग. ते डाग मी शंभर वेळा पाहिले असतील. चहा चांगला असायचा, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

मग शिवारात सौर पंप आले. ते बिघडले की कंपनीची माणसं येतात. दुकानातल्या मोटारी कमी कमी होत गेल्या आणि शंभुराजच्या डोक्यात ऑस्ट्रेलिया शिरलं. त्याचा एक चुलत भाऊ तिकडे आहे. निळं आभाळ, डोक्याला टोपी, कडक ऊन, असे फोटो तो पाठवायचा. मी म्हटलं, बाबा रे, ऊनच पाहिजे असेल तर मे महिन्यात आपल्या प्लॅटफॉर्मवर उभा राहा, विमानाचं तिकीट वाचेल. पण गडी ऐकेना.

तो आधी एका एजंटाकडे जाऊन आला होता. पर्यटक म्हणून चला, पुढचं पुढं बघू, असा त्या एजंटाचा सल्ला. मी शंभुराजला चांगला झापला. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि चोरून करून पकडला गेलास तर तो देश वर्षानुवर्षं बंद होऊ शकतो. विद्यार्थी म्हणून जावं, तर चाळिशीत कोणत्या वर्गात बसणार? तिकडचा मालक बोलावून घेईल, तर असा मालक ओळखीचा नाही. उरला एकच रस्ता. त्या देशाला ठरावीक कसबांची माणसं हवी असतात. वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे, इंग्रजीची परीक्षा पास पाहिजे, वय, भाषा, अनुभव यांचे गुण मिळतात, आणि सगळ्यात आधी आपलं कसब तिकडच्या तपासनिसापुढे सिद्ध करावं लागतं. घरातला एक जण मुख्य अर्जदार, बाकीचे त्याच्यासोबत. मी मुख्य अर्जदाराच्या रकान्यात शंभुराजचं नाव लिहिलं. विचारसुद्धा केला नाही.

तपासनिसाची मुलाखत माझ्याच लॅपटॉपवर झाली. पाठ करून घेतलेलं इंग्रजी शंभुराज बऱ्यापैकी बोलला. मोटार कशी खोलायची, कशी तपासायची, सगळं सांगितलं. मग त्या साहेबानं विचारलं, मोटारीवरची माहितीची पट्टी गेलेली असेल तर तारेचे वेढे किती घ्यायचे हे कसं ठरवता? शंभुराज म्हणाला, ते माझी बायको ठरवते. साहेबाला वाटलं प्रश्न कळला नाही. त्यानं हळू बोलून पुन्हा विचारलं. तार कोण गुंडाळतं? माझी बायको. वार्निश? बायकोच. शेवटी साहेब अगदी सभ्यपणे म्हणाला, मग तुम्ही काय करता? शंभुराज म्हणाला, मी मोटार आणतो आणि मोटार नेतो.

मी कपाळावर हात मारून घेतला. निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. नापासाचा कागद आला त्या दिवशी मी अर्धा तास त्याला फैलावर घेतलं. शेवटी तो म्हणाला, "सर, खोटं कसं बोलू? मोटार तर तीच भरती. शिकूनच आलेली हाय ती. आयटीआय झालंय तिचं."

दीड वर्षात हे मला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"तुमी इचारलंच न्हाई की," तो म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. मी विचारलंच नव्हतं. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी चिडतो, तसा चिडलो आणि त्याच पावली दुकानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या आत पाऊल टाकलं. महेश्वरी जमिनीवर बसून एका मोटारीत तार बसवत होती. बोटं चालत होती आणि नजर दारात उभ्या माझ्याकडे होती. वय चौतीस. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वर्गात एकटी मुलगी, निकाल पहिल्या वर्गात. लग्नाला बारा वर्षं झाली, अकरा वर्षं मोटारी भरतेय. तिच्या नावानं अर्ज करू या, असं मी म्हणालो तेव्हा तिचे हात थांबले.

"मला येतंय सर, समदं येतंय. पण दुकान ह्यायच्या नावाचं, पावत्या ह्यायच्या नावाच्या. मी काम केलं असं कोण म्हणंल?"

तिचा प्रश्न खरा होता. अकरा वर्षांच्या कामाचा तिच्या नावाचा एकही कागद नव्हता. नवऱ्यानं लिहून दिलेलं पत्र एकटं पुरणार नव्हतं, बाहेरचा पुरावा हवा होता. त्यात सासरे मन्मथअप्पा आडवे आले. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, शब्दाला घरात मान. सरकारी कागदावर सून पुढं आणि पोरगा मागं, हे लोकांना काय तोंडानं सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. शंभुराज वडिलांपुढे कधी बोलत नाही. त्या दिवशी एवढंच बोलला की अप्पा, माझी परीक्षा झाली, मी नापास झालोय. अप्पा तरीही हो म्हणाले नाहीत.

पुराव्याचा रस्ता महेश्वरीनंच काढला. मोटार भरून झाली की ती झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवायची. तारेची जाडी, वेढे, तारीख आणि खाली सही. ज्यानं भरली त्यानं सही करायची, अशी आयटीआयच्या सरांनी लावलेली सवय. वरून वार्निशचा हात मारलेला, त्यामुळे कागद कुजत नाही. पाण्यात बुडवायच्या मोटारीत चिठ्ठी टिकत नाही, पण काठावरच्या पंपांत आणि पिठाच्या गिरण्यांत असणारच, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चुडाव्याला, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या दिनकररावांच्या विहिरीवर गेलो. मी, शंभुराज, आणि न बोलावता आलेले मन्मथअप्पा. शेतकरी काय म्हणतात हे त्यांना स्वतःच्या कानानं ऐकायचं होतं. शंभुराजनं चार स्क्रू काढले, झाकण उलटं केलं. आत पिवळा पडलेला कागद, त्यावर बारीक, सरळ अक्षर, नऊ वर्षांपूर्वीची तारीख आणि सही, महेश्वरी. मी फोटो काढला.

मला नवल वाटलेलं पाहून दिनकररावांनाच नवल वाटलं. शंभर जणांचा बारदाना सांभाळणारा जुना बागायतदार माणूस. ते अप्पांकडे वळून म्हणाले, "आमाला समद्यायला ठावं हाय की. बाई माहेरी गेली तर आमी आठ दिवस मोटार तशीच ठिवताव, पर दुसरीकडं नेत न्हाई. तिनं भरलेली मोटार जळत न्हाई अप्पा."

म्हणजे पंचक्रोशीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला आणि माझ्या अर्जाला. अप्पांनी ती चिठ्ठी डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिली. परतताना ते म्हणाले, आणखी कुठं कुठं जायचंय त्याची यादी करा.

पंधरा दिवसांत एकोणतीस चिठ्ठ्या सापडल्या. चार पिठाच्या गिरण्या, बाकी विहिरी. सगळ्यात जुनी अकरा वर्षांची. प्रत्येक मालकानं पत्र लिहून दिलं, आणि निम्मी पत्रं अप्पांनी स्वतः दारोदार फिरून आणली.

मग इंग्रजी. मी महेश्वरीला फुलं, पक्षी, माझा आवडता सण असल्या निबंधांत अडकवलं नाही. तुझी मोटार मला इंग्रजीत समजावून सांग, म्हटलं. पाच महिन्यांत ती मला माझ्याच इंग्रजीतल्या चुका दाखवू लागली. परीक्षेत मी धरले होते त्याहून जास्त गुण आणले. मी बाजारातून पेढे आणले आणि पहिला स्वतः खाल्ला.

तपासनिसापुढे ती बसली ती माझ्या लॅपटॉपसमोरच्या त्याच खुर्चीवर. त्यानं तोच वेढ्यांचा प्रश्न विचारला. तिनं जळक्या तारेवरून हिशोब कसा लावायचा, खाचा कशा मोजायच्या, हे सांगितलं आणि पुढं हेही सांगितलं की खेड्यात व्होल्टेज पडतं म्हणून तार कोणती घ्यायची. साहेब लिहायचा थांबला आणि ऐकत बसला. शेवटी त्यानं विचारलं, हे काम तुमच्याकडे नक्की कोण करतं?

"मी करते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

पास. गुण बसले, व्हिसासाठी अर्ज करायचं आमंत्रण आलं, आणि सात महिन्यांनी व्हिसा. मुख्य अर्जदार महेश्वरी. सोबत पती शंभुराज आणि मुलगी भक्ती. मी ते ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं. शंभुराजनं मला दोनदा वाचायला लावलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना लेकरासारखा हसला.

विमान हैदराबादहून होतं, तिकडच्या गाडीत त्यांना बसवायला अर्धं पूर्णा आलं होतं. चुडाव्याहून ट्रॅक्टर भरून माणसं. महेश्वरी बायकांच्या गराड्यात होती. गर्दीतून एक ओळखीचे गृहस्थ मन्मथअप्पांजवळ आले, हात जोडून शरणार्थ म्हणाले आणि विचारू लागले, शंभुराजला तिकडं कशाचं काम लागलं म्हणे?

अप्पांनी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बोलावणं माझ्या सुनेला आलंय. पोरगं तिच्यासंगं जायलंय."