एक ब्रिज, तीन स्कूटर

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये भुसा आणि किस्से, दोन्ही रोज झाडले तरी साठतातच. गेल्या हिवाळ्यात तर ढीग झाला!

तेव्हा एक मोठी कंपनी आम्हाला विकत घेत होती. मशीनं नक्की जाणार होती, माणसांचं काय ते कुणालाच कळत नव्हतं. सगळ्यात जास्त धास्ती दाऊदचाचांना. रत्नागिरीचे सुतार, वय बासष्ट, धाकटीचं कॉलेज अजून बाकी. मला त्यांची फार काळजी वाटायची. अशात अबुधाबीतल्या एका टेक्सासच्या साहेबांनी ऑर्डर दिली: शिडाच्या चार लढाऊ जहाजांची लाकडी मॉडेल्स.

टेक्सास म्हणे पूर्वी नऊ-दहा वर्षं वेगळा देश होता आणि त्याचं चिमुकलं आरमारही होतं. मी घरी लेकाला विचारलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "मम्मा, स्टेट्स डोन्ट हॅव नेव्हीज."

झालं! म्हणजे जी नेव्हीच नव्हती, तिचं कोटेशन मी सकाळी पाठवून बसले होते!

*

साहेबांचा फोन सुपरवायझर तिवारीने घेतला. साहेब म्हणाले, एक ब्रिग, तीन स्कूनर. दोन्ही जहाजांचेच प्रकार. तिवारीने जॉबकार्डवर लिहिलं, 'एक ब्रिज, तीन स्कूटर.'

दुपारी वेल्डिंगवाले माझ्याकडे हजर. "मॅडम, स्कूटर ब्रिज के ऊपर से जाएगा या नीचे से?"

*

झेंड्याच्या चित्रात पट्टे अमेरिकेसारखेच, पण चांदणी एकच. पेंटर सेल्वम चक्रावला. मी साहेबांना मेल टाकला. उत्तर आलं, "बाकीच्या नंतर आल्या."

सेल्वमने निळा चौकोन मोकळा सोडला आणि दोन दिवस थांबला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, बाकी का स्टार डिलिव्हरी कब है?"

*

माझीही फजिती झालीच. घाईत तिवारीला व्हॉट्सॲप केला, "बडे जहाज में अठारह तोफा लगाओ." आपल्या मराठीतल्या तोफा हो! हिंदीत तोप म्हणतात हे डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी पाहते तर टेबलावर चमकीच्या कागदात गुंडाळलेले चॉकलेटचे डबे, रिबनसकट! तिवारी घाम पुसत म्हणाला, "मॅडम, अठारह तोहफे नहीं बैठ रहे. बारह चलेगा?"

*

चाचांचे वडील खाडीवर गलबतं बांधायचे. त्यामुळे चाचांना साहेबांचं ड्रॉइंग मुळीच पसंत नव्हतं.

"शिडं अशी ताणली तर जहाज कलंडेल."

"चाचा, ते काचेच्या पेटीत राहणार आहे. रिसेप्शनमध्ये!"

"तिथे एसी असेल ना? मग वारा आहेच."

शिडं चाचांच्याच मनासारखी लागली.

*

डिलिव्हरीच्या दिवशी साहेब स्वतः आले. जहाजांभोवती तीनदा फिरले, खूश होते. नव्या कंपनीचा माणूस यादी घेऊन शेजारीच उभा होता, मशीनं मोजत.

चाचा मला म्हणाले, "बाय, साहेबांना विचार, तो देश खलास झाल्यावर जहाजांचं काय झालं?"

मी विचारलं. अमेरिकेने घेतली, असं साहेब म्हणाले.

"आणि जहाजांवरच्या माणसांचं?" चाचांनी विचारलं. तेही मी साहेबांना विचारलं.

साहेब म्हणाले, "दे टुक द शिप्स. नॉट द मेन."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. यादीवाला पुढच्या मशीनकडे वळला.

"सगळ्यांना घेतलं, चाचा," मी म्हणाले.

चाचांनी फडकं झटकून खांद्यावर टाकलं.

"तीस वर्षं झाली मला इथे, बाय. 'नॉट' कळतं मला."