मामंजींचा विषपारखी वाडगा

आमच्या मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, जुन्या चिनी भांड्यांचं लई वेड. निजामाची अमदानी होती. हैदराबादचे बडे लोक असली भांडी जमवतात एवढं ह्यांच्या कानावर आलं, मग काय विचारता! धारूरच्या आमच्या घरात पाणी लांबून डोक्यावर वाहावं लागे, पण दिवाणखान्यात फडताळभर झिलईचे वाडगे अन् ताटल्या. आम्हा बायकांना त्या नुसत्या पुसायच्या.

त्यातला एक हिरवा वाडगा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. विष पडलं की हा तडकतो, असं विकणाऱ्या सौदागरानं सांगितलं होतं. तेव्हापासून मामंजी रोज त्यातच जेवत. आता ह्या माणसाला विष घालणार कोण? तेवढे वैरी जोडायला आयुष्यात काहीतरी करावं लागतं. ह्यांनी सुपारी कातरण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

ऐन थंडीतल्या एका सकाळी मी चुलीवरची खदखदती येसर आमटी त्या गारठलेल्या वाडग्यात ओतली. टच्चकन आवाज झाला अन् काठापासून बुडापर्यंत चीर गेली. मामंजी पाट सोडून उठले. सुनेनं विष घातलं, हिला आजच्या आज माहेरी धाडा, म्हणून घर डोक्यावर घेतलं. नवरा मान खाली घालून उभा. ती तशी कायमच खाली असायची. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी होते. असला डाग घेऊन आलेल्या पोरीला माहेरच्यांनी उंबरा चढू दिला नसता.

सासूबाई चुलीपुढून उठल्या. गळका वाडगा ताटात ठेवला, भाकरी कुस्करली अन् मामंजींसमोर बसून सगळी आमटी संपवली. मग बोटं चाटून म्हणाल्या, "मेले तर तुमचा वाडगा खरा. जगले तर माझी सून खरी. बसा बगत."

अन् ते खरंच बसले की! दुपार टळली, ऊन कललं, सासूबाई ज्वारी पाखडत होत्या अन् मामंजी ओसरीवरून त्यांच्याकडं टक लावून. दिवेलागणीला त्या चूल पेटवायला उठल्या तेव्हा मामंजींचं तोंड एवढंसं झालं. बायको जगली ह्याचं त्यांना वाईट वाटलं, असं मी म्हणणार नाही. पण वाडगा खोटा निघाल्याच्या दुःखात ते त्या रात्री जेवले नाहीत.