वहिनींच्या हातचं पन्हं

आमच्या शेजारच्या शैलजावहिनी म्हणजे भारी सोवळ्या. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर चंदीगडला आलेला; पण पेल्याला ओठ लावून प्यायलेलं वहिनींना खपायचं नाही. मी हसायचे, त्या चिडायच्या.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये अतिरेक्यांच्या भीतीनं आमच्या नाक्यावर वाळूची पोती रचून जवानांची चौकी बसली. त्यात दिगंबर नावाचा करमाळ्याचा पोरगा निघाला. झालं! वहिनी रोज दुपारी मीठ घातलेलं पन्हं घेऊन निघाल्या. "एवढी जाड वर्दी, डोक्यावर लोखंडी टोप. अंगात मीठपाणी नको का?" दिगंबरही "काकू, अजून थोडं" म्हणत मागून प्यायचा.

मग वरून हुकूम आला, बाहेरच्या कुणाच्या हातचं काही घ्यायचं नाही. कुठेतरी चहातून जवानांना विष दिलं म्हणे, खरंखोटं देव जाणे. पाणी त्यांच्याच ट्रकमधून येणार. आणि एके दिवशी तो मेला ट्रक आलाच नाही. नळ दुपारी कोरडे.

ऐन उन्हात दिगंबर पोत्यांवर कलंडला. वहिनी पन्ह्याचा तांब्या घेऊन धावल्या, मागे मी. पोराचा घाम आटलेला, अंग नुसतं भाजत होतं. "काकू, पाणी," एवढंच पुटपुटत होता. चौकीवरच्या हवालदारानं रायफल आडवी धरली. "पीछे, माताजी. ऑर्डर है."

"अरे, पोरगं जातंय!" वहिनी मराठीतच ओरडल्या. मग तांब्या सरळ तोंडाला लावला, आमच्या वहिनींनी, आणि घटाघटा प्यायल्या. "देखो! कुछ हुआ मुझे?"

हवालदाराचे डोळे भरून आले. "जहर चढ़ने में टाइम लगता है, माताजी." त्यानं स्वतःची बाटली दिगंबरच्या तोंडावर उपडी केली. ओठही भिजले नाहीत.

मी काय केलं? काही नाही. रडले. शिव्या घातल्या, कुणाला ते मलाच कळेना. वहिनी मात्र हलेनात. उरलेलं पन्हं हातात धरून त्या हवालदारासमोर रणरणत्या उन्हात उभ्या राहिल्या. आपण मरत नाही, हे त्याला नीट दिसावं म्हणून.

बऱ्याच वेळानं तो मान खाली घालून म्हणाला, "दीजिए."

वहिनींनी खाली बसून दिगंबरचं डोकं मांडीवर घेतलं. "पी रे राजा, पी." पन्हं गालावरून ओघळून गळ्याखाली गेलं. त्यांनी पदरानं पुसलं, पुन्हा ओतलं. पुन्हा ओघळलं. त्याला आता गिळता येत नव्हतं.