शेंगदाणा म्हणजे हो

राज्यशास्त्र हा विषय माझ्या यजमानांना कधी पटला नाही. ते रेल्वेत सिग्नलचे इंजिनीअर. लाल म्हणजे थांबायचं, हिरवा म्हणजे निघायचं, यात चर्चा कसली, असं त्यांचं म्हणणं. आणि मी जुन्या लखनौतल्या एका मुलींच्या कॉलेजात आयुष्यभर नेमकी तीच चर्चा शिकवली: 'थांब' म्हणायचा अधिकार कोणाला, तो त्याला दिला कोणी, आणि एकदा दिलेला परत घेता येतो का. लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, "दोघंही सरकारचंच काहीतरी करतात, जमेल त्यांचं." जमलं, पण भांडत भांडत.

वर्गात मी हिंदीतून शिकवायचे. माझं हिंदी अमरावतीचं, त्यामुळे सुरुवातीला मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या. पण त्यांचीही पंचाईत होती. युरोपातल्या त्या विचारवंतांची नावं त्यांच्या जिभेवर काही केल्या बसत नसत. मग त्यांनी स्वतःच त्यांचं बारसं करून टाकलं.

पहिला इंग्रज, आपल्या देशातली यादवी पाहून हबकलेला. त्याचं म्हणणं, डोक्यावर कोणी दांडगा राज्यकर्ता नसला तर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतील. तेव्हा सगळ्यांनी आपली मोकळीक एकाच्या हाती सोपवावी आणि जीव वाचवावा. हा 'डरपोक साहब'. दुसरा इंग्रज म्हणाला, राजा हा काही प्रजेचा बाप नव्हे. आपला जीव, आपलं स्वातंत्र्य, आपली मालमत्ता सांभाळायला आपणच सरकार नेमतो, आणि ते धड वागलं नाही तर त्याचं सामान बाहेर ठेवायचा हक्कही आपलाच. हा अर्थातच 'मकान-मालिक'. तिसरा जिनिव्हाचा, जन्मभर कोणाकोणावर रुसलेला. सगळ्यांची मिळून जी एक इच्छा असते तिने राज्य चालावं, आणि जो ती मानणार नाही त्याला मानायला लावावं, असं त्याचं मत. उत्तरेकडे लग्नात रुसून बसायचा मान आत्याच्या नवऱ्याचा असतो, म्हणून तो 'फूफाजी'. एकीने परीक्षेत खरोखरच 'फूफाजी के अनुसार' असं लिहिलं होतं. पुढचं सगळं बरोबर होतं, म्हणून मी मार्क कापले नाहीत.

या मुलींवर माझा फार जीव. त्यातली एक, कायम खिडकीशी बसणारी, तासभर गप्प राहायची. एकदा मी या तिघांचा सामाजिक करार रंगात येऊन समजावत होते. मोकळी माणसं एकत्र आली, त्यांनी विचार केला, करार केला, राज्य निर्माण झालं. तिने हात वर केला आणि विचारलं, "मैडम, जब ये सब लोग बैठकर करार कर रहे थे, तब रोटी कौन बना रहा था?" सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि मग हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. पुढच्या वर्षापासून मी तो धडा तिच्या प्रश्नानेच सुरू करायला लागले.

घरी आमचे हे डरपोक साहबचे कट्टर भक्त. गोमती नगरला वळायच्या चौकात सिग्नल बंद पडला आणि ई-रिक्षा, गाड्या, स्कूटर एकमेकांत घुसल्या की ते हॉर्नवरचा हात काढून माझ्याकडे वळायचे. "बघ. ही तुझी मोकळी माणसं." मी त्यांना अमीनाबादच्या बाजाराचा दाखला द्यायचे. तिथे ना सिग्नल, ना पोलीस, आणि तरी सायकलरिक्षा, कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, खरेदीला आलेल्या बायका, सगळे 'भैया, ज़रा साइड' म्हणत म्हणत वाट काढतात आणि कोणी मरत नाही. यावर ते शांतपणे म्हणायचे, "पोचतात कधी, ते सांग." मला इतका राग यायचा की मी उरलेला रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसायचे.

अशा घरात मुलगा वाढला. बाप हुकूम काढणारा, आई हरकत घेणारी. मे महिन्याच्या सुट्टीत अमरावतीला जायचं की नैनीतालला, यावरून एकदा आठवडाभर धुसफूस चालली, तेव्हा मी ठरवलं की या घरात मतदान होईल. गुप्त मतदान. चहाचा एक रिकामा डबा घेतला. शेंगदाणा म्हणजे हो, फुटाणा म्हणजे नाही. एकेकाने स्वयंपाकघरात जायचं, एकच दाणा टाकायचा, बाहेर यायचं. निकाल लागला की कुरकुर करायची नाही, फूफाजी व्हायचं नाही. पहिल्याच मतदानात डब्यात दोनच दाणे निघाले. तिसऱ्याचा शोध घेता यजमानांच्या तोंडात काहीतरी कुरकुरलं. "भाजलेला होता," ते म्हणाले, "सवयीने गेला." तेव्हापासून त्यांच्या मतदानाच्या वेळी मुलगा दारात उभा राहायचा.

हरले तर मात्र ते हार मानायचे, हे मला सांगितलंच पाहिजे. कुत्रा आणायचा नाही म्हणून त्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. डब्यातून दोन शेंगदाणे निघाले, आणि दुसऱ्या दिवशी तेच गळ्याचा पट्टा घेऊन आले. त्या माणसावर माझं प्रेम का होतं असं कोणी विचारलं तर मी हा पट्टा सांगते.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. सकाळी, दाढीचं पाणी काढून ठेवलेलं असताना. मुलगा तोवर पुण्यात स्थिरावला होता, सून इथली, लखनौलगतच्या चिनहटची. मी गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहू लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते जमलंही. सकाळी नदीकाठी फेरी, महिन्यातून एकदा मराठी मंडळींचं जमणं, कधी जुन्या विद्यार्थिनी येतात. खिडकीशी बसणारी ती मुलगी आता स्वतः शिकवते. तिची भांडणं माझ्याशी अजून चालू आहेत. रडू यायचं तेव्हा मी रडायचे, आणि ते कोणाला दाखवावं लागत नसे, हेही बरं होतं.

गेल्या डिसेंबरात मुलगा आणि सून आले. दुसऱ्याच दिवशी, गच्चीत उन्हात पेरू कापत बसलो असताना, मुलगा म्हणाला, "आई, इस बार आप साथ चल रही हैं. बस."

मराठीत तो मला 'तू' म्हणतो. भांडायचं असलं की हिंदीत जातो, आणि हिंदीत तो लखनवी असल्यामुळे 'आप' म्हणतो. इतक्या अदबीने कोणी माझा घात करत नसेल.

"बस म्हणजे?" मी म्हटलं. "मी काय ट्रंक आहे?"

"आई, प्लीज़ यार. अकेले कैसे रहेंगी? तुला काही झालं तर?"

"मला काय होतंय?"

"बाबांना तरी काय होत होतं?"

मग मी डबा काढायचं ठरवलं. खरं सांगायचं तर मी जिंकणार याची मला खात्री होती. सुनेचं माहेर इथे, माझं घर असलं की तिचं येणंजाणं होतं, आणि आमचं दोघींचं गूळपीठ. मुलाचा एक शेंगदाणा, आमचे दोन फुटाणे. मी आतून हसतच स्वयंपाकघरात जाऊन माझा फुटाणा टाकून आले.

शेवटी डबा गच्चीत आणून उपडा केला. दोन शेंगदाणे आणि एक फुटाणा.

मी सुनेकडे पाहिलं, तिने पेरूकडे पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हे मतदानच बाद आहे," मी म्हटलं. "राहणार मी. माझ्या राहण्यावर तुमचं मत कसं चालेल? बहुमताने उद्या माझं जेवणही ठरवाल." एका विचारवंताने हेच सांगितलंय, बहुमताचीही जुलूमशाही होते, राज्याने माणसाच्या स्वतःपुरत्या गोष्टीत हात घालू नये, असं मी तावातावाने सांगत सुटले. बराच वेळ.

मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपने ही सिखाया था, जिस पर असर पड़े, उसका वोट. तू बाथरूममध्ये पडलीस तर पुण्याहून विमान कोण पकडणार? तो रस्ताभर काय विचार करणार? असर मुझ पर नहीं पड़ता?"

इतका चोख मुद्दा वर्षानुवर्षांच्या उत्तरपत्रिकांत मी पाहिला नव्हता. रागाने माझे कान तापले होते आणि त्याच वेळी मला त्याचा अभिमानही वाटत होता. मी उठून चहा टाकायला खाली गेले.

सून मागोमाग आली. ओट्याला टेकून उभी राहिली. "मम्मी, एक मूँगफली मेरी थी."

"दिसलं मला."

"आप नाराज़ हो लीजिए. पर मैंने आपके लिए नहीं, इनके लिए डाली." मग ती हळू आवाजात सांगू लागली. फोनवर माझं नाव उमटलं की हा जागच्या जागी थिजतो. ऑफिसात असो, जेवत असो, गाडी चालवत असो. एकदा पाहुण्यांसमोर ताट तसंच टाकून बाहेर पळाला होता; मी फक्त लोणच्यात मोहरी किती घालायची ते सांगायला फोन केला होता. "आप वहाँ रहेंगी तो घंटी तो नहीं बजेगी," ती म्हणाली.

चहा उकळून वर आला. तिनेच गॅस बंद केला.

मी कप घेऊन वर गेले. मुलगा पेरूच्या फोडींना काळं मीठ लावत बसला होता, खात नव्हता. मी त्याच्याशेजारी बसले. वर्गात मी डरपोक साहबची फार टिंगल केली होती. माणूस एवढा घाबरतो का, म्हणून. घाबरलेल्या माणसाला आधी काय विचारायचं असतं, ते मला तेव्हा सुचलं.

"तुला कशाची भीती वाटते रे?"

त्याने हातातली फोड खाली ठेवली. मग म्हणाला, "त्या दिवशी तुझा फोन मी कट केला होता."

मला आधी समजलंच नाही.

"बाबा गेले त्या दिवशी. मीटिंग होती. तुझा फोन आला, मी कट केला, मेसेज टाकला, बाद में करता हूँ. नंतर मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, बाबा गेले." त्याने मिठाची वाटी दूर सारली. "उचलला असता तर मी अॅम्ब्युलन्स लावली असती. कोणाला तरी पाठवलं असतं. तू मदत मागत होतीस, आई, और मैंने काट दिया."

दोन वर्षं. दोन वर्षं हे माझं पोर हे पोटात घेऊन फिरत होतं, आणि मी त्याला लोणच्याच्या मोहरीसाठी फोन करत होते. मी कप खाली ठेवला.

"नाही रे," मी म्हटलं. "मी मदत मागायला फोन केलाच नव्हता. खालचे डॉक्टर वर येऊन, बघून गेले होते. सगळं संपलं होतं. तू उचलला असतास तरी त्याने काहीही बदललं नसतं."

"मग फोन कशाला केलास?"

"तुझा आवाज ऐकायचा होता."

तो रडला. चांगला मोठा, टक्कल पडायला लागलेला माणूस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि मीही रडले, त्याच्या बापासाठी, त्याच्यासाठी, त्या दोन वर्षांसाठी. शेजारच्या गच्चीवर कोणी गाद्या उन्हात घालत होतं. ते भले लोक पाठ फिरवून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. डब्यातून पडलेले तिन्ही दाणे हातावर घेतले आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवून दिले. मग माझ्याकडे वळला.

"आई, तुला पुण्याला यायचंय का?"

अमरावती सुटली ती लग्नामुळे. लखनौला आले ती रेल्वेने बदली केली म्हणून. क्वार्टर नेमून दिलेलं होतं, आणि हा फ्लॅट यांनी पसंत करून मग मला दाखवायला आणलं होतं. सगळ्यांनी प्रेमानेच केलं. पण तुला कुठे राहायचंय, हे मला आजवर कोणी विचारलेलं नव्हतं, आणि शासितांची संमती जन्मभर शिकवताना माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मला इथे राहायचंय."

त्याने मान हलवली. पुन्हा हलवली, स्वतःशीच.

"ठीक है," तो म्हणाला. "मग रोज सकाळी मला फोन कर. काही काम नसलं तरी कर. मी उचलेन."