मोरीतली मोटार

मोरीत मोटार होती एवढं घरात माहीत होतं. त्यापुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय.

नव्वदच्या दशकातलं सुरत, लिंबायतमधली आमची चिंचोळी गल्ली. सकाळी तासभर पाणी यायचं, तेही अलीकडच्या घरांना. टोकाचे नळ नुसते फुसफुसायचे. तिथल्या बायका घागरी घेऊन दुसऱ्या गल्लीत जायच्या, बोलणी खायच्या. आणि मी — शाळामास्तर, गल्लीचा पुढारी — पाणीखात्यात जाऊन टेबलावर हात आपटायचो. चोर आहात सगळे, म्हणायचो. चीड खोटी नव्हती. खातं होतंच तसं. तक्रार ऐकायची, मान डोलवायची आणि चहाला उठायचं. पण एवढं ओरडणाऱ्या माझ्या मोरीत काय होतं?

मोटार. नळाच्या लाइनला थेट जोडलेली, चांगली दांडगी. लाइन बारीक, त्यामुळे माझी टाकी भरेपर्यंत पुढे थेंब जात नसे. शेजारच्या लूमखात्यातल्या यंत्रमागांचा खडखडाट अखंड चालू — त्यात तिचा आवाज कुणाला ऐकू येणार?

शेवटी एकदाचे साहेब तपासणीला आले. त्या सकाळी मी मोटार लावलीच नाही. टोकाच्या नळाला धो धो पाणी. साहेबांनी तिथेच निकाल लावला — आज येतं, मग रोज का नाही? वॉल्व्ह उघडणारा भिकनभाऊच लवकर बंद करत असणार. घराघरांत डोकावायचे कष्ट कोण घेतो? रोजंदारीवरचा माणूस समोर उभा होता, त्याच्यावर ढकललं की काम झालं. याचा मला आजही संताप येतो — आणि संतापायचा मला काय अधिकार?

भिकनभाऊ आमच्याच खानदेशचा. माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, मी रोज पुरा वाल उघाडस. तुम्ही तरी सांगा."

मी चष्मा पुसत राहिलो.

त्याला कामावरून काढलं. गल्लीने त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. गावी परत जाण्याआधी तो माझ्या घरी आला. "तुम्ही माले कधी शिवी नही दिधी, मास्तर," म्हणाला आणि पाया पडायला वाकला. मी — माझ्याहून वयाने मोठ्या त्या माणसापुढे — पाय मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाण्याची वेळ झाली, तशी मी मोटार लावली.